रिकामी वर्तुळे आणि दोन शाळांची तुलना

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका केंद्राच्या केंद्रप्रमुख लिहितात: "आमच्या केंद्रात शिष्यवृत्तीच्या धर्तीवर पाचवीची सराव परीक्षा घेतली. पेपर ७५ प्रश्नांचा होता, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. बाजारगावच्या शाळेतील २६ मुलांची सरासरी ४२ बरोबर उत्तरे अशी आली आणि पाड्यावरच्या शाळेतील २४ मुलांची ३९. बैठकीत पाड्यावरची शाळा मागे असल्याची नोंद झाली. घरी येऊन उत्तरपत्रिका चाळल्या, तेव्हा दिसले की बाजारगावच्या मुलांनी एकही वर्तुळ रिकामे सोडलेले नाही, तर पाड्यावरच्या मुलांनी प्रत्येकी सरासरी १५ प्रश्न सोडले आहेत. तिथल्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, 'येत नसेल तर लिहू नका, असेच मी शिकवतो. तुक्का मारणे म्हणजे एक प्रकारे खोटे बोलणेच.' मला त्यांचे म्हणणे चूक वाटत नाही आणि बैठकीतील नोंदही बरोबर वाटत नाही. शिवाय दोन्ही शाळांच्या मागील वर्षीच्या उत्तरपत्रिका पाहिल्या, तर रिकाम्या जागा मुलींच्याच जास्त आहेत. ही तुलना न्याय्य आहे का? नसेल, तर ती कशी करावी? आणि मुलांना अंदाजाने उत्तरे भरायला शिकवणे योग्य आहे का?"

आदरणीय ताई,

बैठकीतील नोंद मान्य करून आपण पुढच्या कामाला लागला असता, तर कोणी काही म्हटले नसते. तरीही आपण उत्तरपत्रिका पुन्हा काढून कोणते वर्तुळ भरले आहे आणि कोणते रिकामे आहे हे पाहिलेत, याचे मला फार मोल वाटते, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या रिकाम्या वर्तुळांपाशीच सुरू होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी सरळ देते. न येणारा प्रश्न समोर आल्यावर एका शाळेतील मुले कोणतेतरी वर्तुळ भरतात आणि दुसऱ्या शाळेतील मुले तो सोडून देतात, असे जिथे आहे, तिथे केवळ बरोबर उत्तरांची सरासरी शेजारीशेजारी ठेवून एक शाळा मागे आहे असे म्हणणे न्याय्य नाही. त्या सरासरीत मुलांना काय येते आणि मुलांना परीक्षेत कसे वागायला सांगितले आहे, या दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज झालेली असते.

आपल्याच आकड्यांवर हे करून पाहू. बाजारगावच्या मुलांची सरासरी ४२ बरोबर, ३३ चूक आणि एकही रिकामे नाही, अशी आहे. पाड्यावरच्या मुलांची ३९ बरोबर, २१ चूक आणि १५ रिकामी अशी आहे. आता क्षणभर असे धरा की मुलाला प्रश्न एकतर पूर्ण येतो किंवा मुळीच येत नाही, आणि मुळीच येत नसलेल्या प्रश्नाला तो चारांपैकी कोणतेही एक वर्तुळ भरतो. अशा भरलेल्या चार उत्तरांमागे साधारण तीन चुकतात आणि एक बरोबर येते. म्हणजे बाजारगावच्या ३३ चुकांमागे सुमारे ४४ अंदाज असले पाहिजेत आणि त्यांतले ११ बरोबर आले असले पाहिजेत. ते ११ वजा केले, तर खरोखर येणारे प्रश्न ३१ उरतात. पाड्यावरच्या २१ चुकांमागे २८ अंदाज आणि त्यांतले ७ बरोबर. ते वजा केले, तर ३२ उरतात. बैठकीत जी शाळा तीन प्रश्नांनी मागे होती, ती या हिशेबाने एका प्रश्नाने पुढे जाते. बरोबर उत्तरांतून चुकीच्या उत्तरांचा एक तृतीयांश वजा करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागे एवढेच गणित आहे. पर्याय पाच असतील, तर एक चतुर्थांश वजा करतात.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो चुकीचा असला तरी समजून घेण्यासारखा आहे. लोक म्हणतात की अंदाज हा नशिबाचा भाग आहे, कोणाचा लागतो, कोणाचा चुकतो, आणि वर्गाची सरासरी काढली की ते आपोआप भरून निघते. नशिबापुरते हे म्हणणे अगदी बरोबर आहे. ४४ प्रश्न अंदाजाने सोडवणाऱ्या एका मुलाच्या गुणांत नशिबामुळे साधारण तीन प्रश्नांचा चढउतार होऊ शकतो, पण २६ मुलांच्या सरासरीत तोच चढउतार अर्ध्या प्रश्नाच्या आसपास येऊन थांबतो. म्हणून एकेका मुलाचा निकाल वाचताना नशिबाची धास्ती बाळगावी, गटाचा निकाल वाचताना ती फारशी बाळगण्याचे कारण नाही. मात्र सवयीचे तसे नसते. एका वर्गातील सर्व मुलांना एकाच शिक्षकाने 'सोडून द्या' असे सांगितले असेल, तर प्रत्येक मुलाचे गुण एकाच दिशेने घटतात, आणि मुले २४ असोत की २४,०००, सरासरी काढून ती घट नाहीशी होत नाही. उलट गट जितका मोठा, तितकी ती घट अधिक ठाम आणि अधिक विश्वासार्ह दिसू लागते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका चाचणीचे विश्लेषण करताना मी रिकामे आणि चुकीचे या दोहोंना एकच शून्य दिले होते. दोन तालुक्यांतील फरकाची सुबक तक्ताकृती तयार केली, आणि ज्या तालुक्याला तिने खाली ढकलले, तिथल्या शिक्षकांना वर्षभर त्या तक्त्याबद्दल उत्तरे द्यावी लागली. मूळ उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्याची संधी मिळाली, तेव्हा तिथल्या पर्यवेक्षकांनी वेगळी सूचना दिली होती एवढेच कारण निघाले. तेव्हापासून बरोबर, चूक आणि रिकामे असे तीन वेगळे रकाने नसलेला कोणताही तक्ता मी तुलनेसाठी हातात घेत नाही. आपणही पुढच्या परीक्षेपासून एवढे कराच. त्याला कोणतेही संगणकीय ज्ञान लागत नाही.

आता वजाबाकीच्या त्या रीतीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. ती असे गृहीत धरते की प्रत्येक चूक ही निव्वळ अंदाजातून आली. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे खरे नाही हे ठाऊक असते. १/२, १/३, १/५ आणि १/७ यांपैकी सर्वांत मोठा अपूर्णांक कोणता असे विचारले, तर सात ही मोठी संख्या म्हणून १/७ ठामपणे निवडणारे मूल तुक्का मारत नसते. ते आपल्या समजुतीप्रमाणे अगदी विचारपूर्वक उत्तर देत असते. अशा प्रश्नावर एखाद्या वर्गातील बरोबर उत्तरे २५ टक्क्यांच्याही खाली जातात, जे निव्वळ अंदाजाने सहसा होत नाही. दुसऱ्या बाजूने, रिकामे सोडणाऱ्या मुलाला काहीच येत नव्हते असेही नाही. चारांपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे त्याला कळलेले असते, उरलेल्या दोहोंत मन ठरत नाही आणि गुरुजींची शिकवण आठवून ते वर्तुळ कोरे राहते.

म्हणून पाड्यावरच्या शाळेसाठी एक आकडा सांगण्यापेक्षा पट्टा सांगावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १५ रिकाम्या प्रश्नांना शून्य धरले, तर सरासरी ३९ राहते. ते सर्व डोळे मिटून भरले असते, तर त्यांतील पावणेचार बरोबर येऊन सरासरी ४२.७५ झाली असती. दोन पर्याय गाळून भरले असते, तर साडेसात बरोबर येऊन ती ४६.५ पर्यंत गेली असती. बाजारगावची ४२ ही सरासरी या पट्ट्याच्या आतच पडते. याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. समजा, मुलामुलांतील गुणांचा पसारा दहा प्रश्नांचा आहे, म्हणजे साधारण दोन तृतीयांश मुलांचे गुण सरासरीच्या दहा प्रश्न वर ते दहा प्रश्न खाली एवढ्यात पडतात. मग २६ आणि २४ मुलांच्या दोन गटांच्या सरासरीत तीन प्रश्नांचा फरक केवळ यंदा कोणती मुले पाचवीत आली एवढ्यावरूनही पडू शकतो. तेव्हा पाड्यावरची शाळा मागे आहे हे जसे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, तसे ती पुढे आहे हेही सिद्ध होत नाही. तिच्या बाजूने बोलण्याच्या ओढीने आपण दुसऱ्या टोकाला जाऊ नये, एवढी विनंती करते.

रिकामी वर्तुळे मोजून झाली की ती कुठे आहेत हे पाहा, आणि माझ्या मते या सगळ्या कामातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. ती पेपरभर विखुरलेली असतील, तर मुलांनी प्रश्न वाचून सोडले आहेत आणि गुरुजींची सूचना हे त्याचे कारण मानता येईल. पण ती सलग शेवटाला असतील, तर मुले तिथपर्यंत पोहोचलीच नाहीत. शिष्यवृत्तीच्या वेळापत्रकाप्रमाणे ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. आपल्या भागातील पाड्यांवर अनेक मुलांच्या घरची भाषा पावरी किंवा भिली आहे, त्यामुळे मराठीतील उतारा वाचून समजून घ्यायला त्यांना जास्त वेळ लागला तर नवल नाही. पहिल्या पेपरमध्ये आधी प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि मग गणिताचे ५० प्रश्न असा क्रम असतो. भाषेच्या उताऱ्यांत गेलेल्या वेळेची किंमत अशा वेळी गणितात मोजावी लागते, आणि ज्या मुलांना गुणाकार-भागाकार चांगला येतो, ती निकालात गणितात कच्ची ठरतात. मग त्यांना गणिताचे जादा तास लावले जातात, जेव्हा त्यांना गरज मराठी वाचनाच्या सरावाची असते. गटांची तुलना चुकली की तिचे पर्यवसान मुलांच्या वेळापत्रकात होते, ते असे.

हीच तपासणी बाजारगावच्या उत्तरपत्रिकांचीही करा. शेवटच्या दहा प्रश्नांत त्या मुलांची किती टक्के उत्तरे बरोबर आहेत, हे वेगळे काढा. ते प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि आधीच्या तशाच सोप्या प्रश्नांत ते बरेच जास्त असेल, तर घंटा होण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत भराभर वर्तुळे काळी केली गेली आहेत असे समजावे. काही उत्तरपत्रिकांत एकाच पर्यायाची सरळ रांगही दिसेल. दोन्ही शाळांना वेळ अपुराच पडला होता, पण एका शाळेत तो रिकाम्या जागांच्या रूपाने दिसला आणि दुसऱ्या शाळेत भरलेल्या वर्तुळांखाली झाकला गेला, असे निघण्याची बरीच शक्यता आहे.

अंदाजाचा आणखी एक परिणाम असतो, आणि तो दोन्ही गटांनी अगदी सारखेच अंदाज केले तरी टळत नाही. चार पर्यायांच्या परीक्षेत काहीही न येणाऱ्या वर्गाचा निकाल शून्य लागत नाही, तो २५ टक्के लागतो. एका गटाला ६० टक्के प्रश्न येतात आणि दुसऱ्याला ४० टक्के, असे धरा. उरलेल्या प्रश्नांवर दोघांनीही अंदाज केला, तर निकाल ७० आणि ५५ असा दिसतो. वीस टक्क्यांची दरी पंधरावर आली आणि कोणी काही शिकलेले नाही. एखादा कठीण प्रश्न घेतला, जो पहिल्या गटातील २० टक्के मुलांना येतो आणि दुसऱ्या गटात कोणालाच येत नाही, तर निकालपत्रात ४० आणि २५ असे आकडे येतात, आणि दुसऱ्या गटातील चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तरी हा घटक जमतो असा समज करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. त्या गटाला तो घटक पहिल्यापासून शिकवण्याची गरज होती. अंदाजाने झाकले जाते ते नेहमी अधिक गरजू मुलांचे अज्ञान असते, याचे मला मनापासून दुःख वाटते.

याच कारणाने पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेतील दरी आणि लेखी किंवा तोंडी परीक्षेतील दरी यांची थेट तुलना करू नये. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणात कार्यकर्ते मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात आणि वजाबाकी-भागाकार करायला सांगतात. तिथे निवडायला पर्यायच नसल्यामुळे न येणाऱ्या मुलाचा निकाल खरोखर शून्यापाशी येतो. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात मात्र प्रश्न पर्यायी स्वरूपाचे होते. या दोहोंच्या टक्केवाऱ्या एकाच आलेखावर काढून आदिवासी आणि बिगर आदिवासी भागांतील अंतर वाढले किंवा घटले असा निष्कर्ष काढताना मी अनेकांना पाहिले आहे. दोन्ही सर्वेक्षणे आपापल्या जागी मोलाची आहेत, पण त्यांची मोजपट्टी वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होते.

आता मुलींविषयी. आपले निरीक्षण महत्त्वाचे आहे आणि ते आपल्या केंद्रापुरते नाही. इस्रायलमध्ये गेर्शोन बेन-शाखार आणि याकोव्ह सिनाई यांनी नववीचे विद्यार्थी आणि विद्यापीठ प्रवेशाचे उमेदवार यांच्या उत्तरपत्रिका तपासून १९९१ मध्ये असे दाखवले की बहुतेक उपचाचण्यांत मुली आणि स्त्रिया अधिक प्रश्न सोडतात, आणि अंदाज करायला मोकळीक देणाऱ्या सूचना असतानाही हे घडते. अंदाजाची दुरुस्ती केल्यावर मुलग्यांची आघाडी कमी झाली, मात्र तो परिणाम लहान होता, हेही त्यांनी नोंदवले आहे. चिलीमध्ये याहून मोठ्या प्रमाणावर पाहता आले. तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असत आणि पुढे ती वजावट काढून टाकली गेली. कॅथरीन कॉफमन आणि डेव्हिड क्लिनोव्स्की यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या बदलानंतर प्रश्न सोडण्यातील मुली-मुलग्यांची तफावत सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली आणि मुख्यतः वरच्या फळीतील विद्यार्थ्यांमध्ये गुणांतील तफावतही घटली. परीक्षेचा एक नियम बदलल्यावर जी दरी आकसते, तिचा तेवढा भाग ज्ञानातील फरकाचा नव्हता, हे यातून कळते.

आपली मुले पुढे ज्या परीक्षांना बसतील, तिथेही हा प्रश्न त्यांच्यासोबत जाणार आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिले, तरी सरासरीने प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो, आणि एक पर्याय गाळता आला तर सुमारे दोन तृतीयांश गुण. तरीही 'निगेटिव्ह मार्किंग आहे, जपून' एवढेच ऐकून वाढलेली मुलगी अर्धवट येणारे प्रश्न सोडत जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश गुण वजा होतात, त्यामुळे निव्वळ अंदाजाचा सरासरी लाभ शून्य होतो, पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले की तिथेही उत्तर देणे लाभाचेच ठरते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वजावट एक चतुर्थांशाची आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेत पूर्वी चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होत असे, ती वजावट मार्च २०१६ पासून बंद झाली. अशी वजावट योग्य की अयोग्य, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझे मत असे आहे की वजावटीमुळे अंदाज कमी होतात हे खरे असले, तरी ते सर्वांचे सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत, धीट मुलांचे कमी घटतात आणि भिडस्त मुलांचे जास्त. म्हणून गटांची तुलना करण्याच्या हेतूने घेतलेल्या परीक्षेत गुण वजा करू नयेत आणि सर्वांना सर्व प्रश्न सोडवायला सांगावे.

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. पाड्यावरच्या गुरुजींच्या भूमिकेविषयी माझ्या मनात आदर आहे. जे येत नाही ते येत नाही असे सांगण्याचे धैर्य मुलांत रुजवणे सोपे नसते, आणि अंदाजपंचे उत्तर ठोकून देण्याची सवय लागलेले मूल पुढे विचार करायला कंटाळते हेही मी पाहिले आहे. पण उत्तरपत्रिकेतील वर्तुळ हे विधान नव्हे. ते भरताना मूल 'मला हे माहीत आहे' असे कोणालाही सांगत नसते, ते दिलेल्या चारांपैकी एक निवडत असते, आणि परीक्षा घेणाऱ्यांनीही ते तसेच समजून नियम ठरवलेले असतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्नांना १०० गुण असतात आणि चुकीला वजावट नसते. तिथे १५ प्रश्न सोडणारे मूल सरासरीने जवळपास पावणेपाच गुण टेबलावर ठेवून उठते. एका जागेसाठी डझनावारी मुले बसलेली असताना एवढ्या गुणांनी प्रवेश हुकू शकतो. बाजारगावच्या मुलाला शिकवणीतून किंवा मोठ्या भावाकडून जी गोष्ट सहज कळते, ती पाड्यावरच्या मुलाला कोणीच सांगू नये, आणि तीही त्याच्या प्रामाणिकपणाच्या नावाखाली, हे मला योग्य वाटत नाही.

गुरुजींना मी असे सुचवेन की वर्गातील चाचणी आणि स्पर्धेची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मुलांसमोर मांडाव्यात. वर्गातील चाचणी मुलाला काय येते हे शिक्षकाला कळावे म्हणून असते. तिथे 'मला अजून येत नाही' असा पाचवा पर्याय द्यावा आणि तो निवडणाऱ्याचे कौतुक करावे. स्पर्धेच्या परीक्षेची तयारी करताना मात्र आधी नक्की चूक असलेले पर्याय खोडायचे, मग उरलेल्यांतून निवडायचे आणि शेवटी एकही वर्तुळ रिकामे ठेवायचे नाही, हे शिकवावे. सराव परीक्षेत अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने छोटी खूण करायला सांगितली, तर उत्तर भरलेलेही राहते आणि मूल स्वतःशी व शिक्षकाशी प्रामाणिकही राहते. उत्तरपत्रिकेवर मात्र कोणतीही खूण करू देऊ नये. या खुणांचा दुसरा लाभ असा की खूण असलेल्या प्रश्नांत किती बरोबर आले हे वर्गाला मोजून दाखवता येते. पर्याय खोडून केलेला अंदाज चारांतील एकापेक्षा जास्त वेळा लागतो, हे मुलींना स्वतःच्या कागदावर दिसले की त्यांची भीड सांगून जाते त्याहून लवकर जाते, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या सराव परीक्षेच्या वेळी दोन्ही शाळांत सूचना एकाच शब्दांत, शक्यतो आपण स्वतः किंवा एकाच लिखित कागदावरून, वाचून दाखवाव्यात: चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, सर्व प्रश्नांची उत्तरे द्या, शेवटची पाच मिनिटे उरली की सांगितले जाईल. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी सूचना त्यांच्या भाषेतही सांगता आल्या तर उत्तम. त्या परीक्षेत पाड्यावरच्या शाळेची सरासरी ३९ वरून ४३ झाली, तर ते वर्षभरातील प्रगती म्हणून अहवालात लिहू नका. तेवढी वाढ रिकामी वर्तुळे भरल्यानेच होणार आहे, आणि ती प्रगती म्हणून एकदा नोंदली गेली, तर त्याच्या पुढील वर्षी गुरुजींकडे तशीच वाढ पुन्हा मागितली जाईल. दोन वर्षांची तुलना करायचीच असेल, तर दोन्ही वर्षांसाठी चुकांचा एक तृतीयांश वजा करून आलेले आकडे शेजारी ठेवावेत आणि त्यांच्या मर्यादा खाली एका ओळीत लिहाव्यात.

एखादा विशिष्ट प्रश्नच एका गटाला अन्यायकारक आहे का, हेही आपल्याला तपासावेसे वाटेल, कारण लिफ्ट किंवा मेट्रोच्या तिकिटावरचे गणित पाड्यावरच्या मुलाला आधी समजून घ्यावे लागते. त्यासाठी एकूण गुण सारखे असलेली दोन्ही गटांतील मुले जोडून त्या एका प्रश्नावर त्यांची तुलना करतात. मॅन्टेल आणि हेन्सेल या संशोधकांनी १९५९ मध्ये रोगांच्या अभ्यासासाठी मांडलेली ही पद्धत पुढे परीक्षांसाठी वापरात आली. परंतु ५० मुलांवर ती करू नये, आणि एकूण गुणांतच रिकाम्या जागांचा फरक मिसळलेला असेल, तर जोड्याही चुकीच्या लागतात. दहा-बारा केंद्रांनी एकच पेपर, एकाच सूचनांसह घेतला, तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने हे काम नीट होऊ शकेल.

बैठकीतील नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, तो जरूर वापरावा. माझ्या मते तिथे असे लिहावे: "बाजारगाव शाळा: बरोबर ४२, चूक ३३, रिकामे ०. पाडा शाळा: बरोबर ३९, चूक २१, रिकामे १५. उत्तरे सोडण्याविषयी दोन्ही शाळांत वेगवेगळ्या सूचना दिल्या गेल्या असल्यामुळे या परीक्षेवरून शाळांचा क्रम लावता येत नाही. रिकाम्या प्रश्नांची जागा तपासून मराठी वाचनाचा वेग स्वतंत्रपणे पाहिला जाईल." ही नोंद पाड्यावरच्या गुरुजींना आधी वाचायला द्या आणि मग पुढच्या परीक्षेच्या सूचनांचा मसुदा दोन्ही शाळांच्या शिक्षकांसोबत बसून तयार करा.